क्लेम नोंदवून घेणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या गाडीला मागून धडक बसली, तेव्हा इन्शुरन्स कंपनीत लावलेला माझा फोन तुम्ही उचलला होता. असे फोन तुम्हाला दिवसभर येत असणार, त्यामुळे माझा लक्षात असेलच असं नाही. मला मात्र ते बोलणं पक्कं आठवतंय, आणि तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं मनापासून वाटतंय.

पॉलिसी नंबर विचारायच्या आधी तुम्ही विचारलंत, "कुणाला लागलंय का?" लगेच दुसरा प्रश्न, "तुम्ही आत्ता कुठे उभ्या आहात?" मी रहदारीपासून बाजूला आहे याची खात्री झाल्यावरच तुम्ही पुढचं बोललात.

मागच्या गाडीचा मुलगा पार घाबरला होता. "कंपनीला कशाला कळवता, काय होईल ते मी देतो," असं तो सारखा म्हणत होता. दिसायला नुकसान तरी किती, बंपरवर ओरखडे आणि टेललाइटला तडा. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही घाई केली नाहीत. बंपर प्लॅस्टिकचा असतो, दबून पुन्हा जागेवर येतो. आतली पट्टी, ब्रॅकेट, सेन्सरच्या वायरी यांचं काय झालंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, हे तुम्ही नीट समजावलंत. आज तोंडी मिटलं आणि उद्या समोरच्यानं वेगळंच काही सांगितलं, तर उशिरा का कळवलंत याचं उत्तर मलाच द्यावं लागेल, हेही.

आणि मग जे म्हणालात त्याचं मला फार मोल वाटतं. "मॅडम, आज फक्त कळवून ठेवा. क्लेम पुढे न्यायचा की नाही ते गॅरेजचं एस्टिमेट आल्यावर ठरवा. खर्च थोडाच निघाला तर तुमच्या वाट्याची रक्कम आणि जाणारा नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम केला नाही तर प्रीमियममध्ये मिळणारी सूट, धरून क्लेम परवडणारही नाही." कंपनीत बसून ग्राहकाला इतकं सरळ सांगणारं माणूस भेटणं ही माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे.

फोटो कसे काढायचे तेही तुम्ही तसंच नीट सांगितलंत. आधी लांबून, दोन्ही गाड्या आणि नंबरप्लेट एकत्र दिसतील असा. मग नुकसानीचे जवळून. मग रस्ता आणि सिग्नल. त्या मुलाचं नाव, फोन नंबर, लायसन्स आणि त्याच्या विम्याचा तपशील तुम्ही माझ्याकडून फोनवर असतानाच लिहून घेतलात.

मग हकीकत. मी म्हणाले, "तो भरधाव आला." तुम्ही शांतपणे विचारलंत, "तुम्ही त्याला येताना पाहिलंत?" पाहिलं नव्हतं. फक्त आवाज ऐकला होता आणि धक्का बसला होता. "मग तेवढंच लिहू या. गाडी उभी होती, मागून धडक बसली, गाडी थोडी पुढे सरकली. चूक कुणाची ते ठरवणारे ठरवतील." लिहिलेलं सगळं तुम्ही मला वाचून दाखवलंत आणि मी हो म्हटल्यावरच क्लेम नंबर दिलात. माझ्याइतकाच त्या मुलालाही तुमच्या या काटेकोरपणाचा आधार झाला असं मला वाटतं, कारण त्याच्या नावावर कुणाचा अंदाज चढला नाही.

नुकसान तपासणारे कंपनीचे सर्व्हेअर येईपर्यंत गाडी उघडू द्यायची नाही, असं तुम्ही बजावलं होतं. गॅरेजवाल्यानं त्यांच्यासमोरच बंपर काढला. आतला ब्रॅकेट खरंच वाकला होता, बंपर त्यावर सरळ बसतच नव्हता. एस्टिमेट बघून मी क्लेम पुढे न्यायचं ठरवलं. हकीकत आणि फोटो जुळत असल्यानं मला पुन्हा काही विचारायची वेळ सर्व्हेअरवर आली नाही. पॉलिसीप्रमाणे माझा वाटा मी भरला, बाकीचं कंपनीनं दिलं.

किरकोळ धडकेनंतर इन्शुरन्सवाल्यांना फोन करायचं बरेचजण टाळतात, आपल्याला शब्दांत पकडतील या भीतीनं. तुम्ही मला पकडलं नाहीत, नेमकं बोलायला मदत केलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पण हेच पत्र क्लेम नंबर घालून तुमच्या कंपनीलाही पाठवते आहे. फोन कुणी घेतला होता ते त्यांना त्यावरून कळेल, आणि तुमच्या साहेबांनी ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आपली,
एक पॉलिसीधारक