‘मी रचीन’

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

बाबा, गेल्या खेपेला तुम्ही उपासनेच्या हजेरीची वही माझ्यासमोर उघडलीत. जुनी पाने काठोकाठ भरलेली आणि शेवटच्या पानावर अवघी अकरा नावे. त्या पानावरून तुमचे बोट बराच वेळ हलले नाही. ‘आमच्या हातून काय राहिले?’ हा तुमचा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 16 व्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्याला, पेत्राला, ‘तू माझी मंडळी रच’ असे सांगत नाही. ‘मी आपली मंडळी रचीन’ असे म्हणतो, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय तो स्वतः उभारणार. हे तुम्हीच मला शब्बाथशाळेत शिकवलेत, पण अलीकडे ते ‘रचीन’ तुम्ही दोघांनी स्वतःच्या खांद्यावर घेतले आहे, असे मला वाटते.

म्हणून हातावर हात ठेवून बसावे, असे मुळीच नाही. करिंथ नगरात प्रेषित पौल भीतीने ग्रासला असता ‘ह्या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत’ असे प्रभूने त्याला रात्री दृष्टान्तात सांगितले, आणि ज्यांची तोंडओळखही नव्हती अशा त्या लोकांसाठी तो तेथे दीड वर्ष वचन शिकवत राहिला. देवाचे लोक तेथे होते, म्हणूनच त्या श्रमांना अर्थ होता. अमेरिकन मिशनरी अदोनीराम जडसन 1813 साली ब्रह्मदेशात उतरले. पहिल्या बर्मी विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा झाला 1819 साली. मधल्या वर्षांत त्यांनी हजेरीची वही ठेवली असती तर ती कोरीच राहिली असती, पण त्याच वर्षांत ते बर्मी शिकून शास्त्राचे भाषांतर करत होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते, कारण खोटा दिलासा तुम्हाला रुचणार नाही. मत्तयाच्या त्याच वचनात म्हटल्याप्रमाणे अधोलोकाच्या, म्हणजे मृत्यूच्या, द्वारांचे जिच्यापुढे काही चालणार नाही, ती ख्रिस्ताची अखिल मंडळी आहे. प्रत्येक स्थानिक मंडळीला तसे अभिवचन नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात इफिस नगराच्या मंडळीला तिची समई, म्हणजे मंडळी म्हणून तिचे स्थानच, काढून टाकण्याचा इशारा मिळाला होता, आणि आज त्या नगराचे भग्नावशेष तेवढे उरले आहेत. आपली मंडळी वाढेल किंवा एखाद्या दिवशी दुसरीत मिळून जाईल. पण जे प्रभूचे आहेत त्यांना त्याच्या हातातून कोणी हिसकून घेणार नाही, मग ती वही कोणत्याही कपाटात का पडेना.

आई, तू पहाटे त्याच वहीतले एकेक नाव घेऊन प्रार्थना करतेस, ते थांबवू नकोस. बाबा, तुम्ही मात्र बेरीज करायचे सोडा. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा शब्बाथशाळेचा वर्ग मी घेईन, मुले दोनच असली तरी.

तुमची लेक