बाबांचं घोरणं आणि आईचे पाय

ती. बाबा आणि ती. आई यांना
सा. न. वि. वि.

फोनवर हे काढलं की बाबा "बघू" म्हणतात आणि आई विषय ईशानच्या शाळेवर नेते, म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबांनी मोठ्यानं वाचलं तर उत्तमच, फक्त मधलं काही गाळायचं नाही.

तुळशीचं लग्न झालं की पुढच्या शुक्रवारी, पुण्यात, बाबांच्या झोपेची तपासणी ठरवली आहे. तारीख घेतली, पैसेही भरले. तुम्हाला विचारलं असतं तर आधी मार्गशीर्षातले गुरुवार निघाले असते, मग संक्रांत, मग कृष्णाबाईचा उत्सव, आणि तोवर उन्हाळा. दादाशी बोलले, परागशी बोलले, डॉक्टरांना तुमची सगळी औषधं वाचून दाखवली, मगच ठरवलं. बाबांचा गुरुवारचा उपास मोडू नये म्हणून मुद्दाम शुक्रवार घेतला. शनिवार-रविवार आमच्याकडे राहा, सोमवारी पराग वाईला सोडेल. पैशांचं विचारायचं नाही, ते दादानं आणि मी आपसात बघितलंय.

बाबा, तुमचं घोरणं मला नवीन नाही. लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो तेव्हा घाटाकडून कसला आवाज आला की मी घट्ट डोळे मिटून तुमच्या घोरण्याकडे कान लावायची. ते चालू आहे ना, मग भ्यायचं कारण नाही. भाऊबीजेला मी माजघरात झोपले होते तेव्हा मात्र ते मधेच थांबत होतं. चढत चढत जायचं आणि एकदम बंद. छाती-पोट हलतंय, पण श्वास ऐकू येत नाही. मग घशातून मोठा आवाज करत तुम्ही दचकायचात, कूस बदलायचात, आणि पुन्हा तेच सुरू. मी ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं. डॉक्टरांनी ऐकलं आणि आधी एवढंच विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तुम्ही जन्मभर शास्त्र शिकवलंत, तेव्हा नीटच सांगते. झोपेत सगळ्यांचेच घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा आतून अरुंद असतो त्यांची वाट मिटून जाते. कागदी स्ट्रॉ ओली झाल्यावर जोरात ओढलं की ती आतून चिकटते ना, तसंच. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. शेवटी मेंदू तुम्हाला क्षणभर जागं करतो, घसा उघडतो, श्वास येतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की तो एक धरतात. तासाला ५ पेक्षा कमी असेल तर काळजी नाही, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, आणि तेही रात्रभर.

आपल्याकडे सगळे कौतुकानं म्हणतात, "यांना पाठ टेकली की झोप, भाग्यवान माणूस." आत्या तर प्रत्येक लग्नात सांगते. पण पेपर हातात असताना डोळा लागणं, कीर्तनात लागणं, वहिनीच्या डोहाळजेवणात सगळ्यांदेखत लागणं, हे झोप चांगली होत असल्याचं लक्षण नाही. आठ तास अंथरुणात असूनही तुम्हाला झोप मिळतच नाहीये. ती गाढ होऊ लागली की मोडते, पुन्हा लागते, पुन्हा मोडते. सकाळी डोकं जड असतं आणि तुम्ही म्हणता पित्त झालं.

ब्लडप्रेशरचंही तेच. तीन गोळ्या चालू असून ते वरच राहतं आणि तुम्ही मिठाच्या बरणीवर रागावता. डॉक्टर म्हणाले, तीन गोळ्यांना दाद न देणारं ब्लडप्रेशर असेल तर झोपेची तपासणी करायलाच हवी, कारण श्वास थांबला की दर वेळी शरीर घाबरून दाब वाढवतं. रात्री लघवीला सारखं उठता ते प्रोस्टेटचं म्हणून आपण सोडून दिलं. त्यामागेही हे असू शकतं. बंद घशाविरुद्ध छाती ओढते तेव्हा हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो, आणि हृदय असं एक संप्रेरक सोडतं की मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात. हे मला माहीतच नव्हतं. इलाज सुरू झाल्यावर कितीतरी लोकांचं रात्रीचं उठणं कमी होतं म्हणे.

२०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले तेव्हा पेपरात हाच आजार छापून आला होता. तुम्हीच तो शब्द वाचून मला त्याचा अर्थ विचारला होतात. घाबरवायला लिहीत नाही. पण नानाकाकांच्या वेळी सगळे म्हणाले, झोपेत गेले, पुण्यवान. त्यावर मी जास्त लिहीत नाही. बाबा, तुम्हाला कळेल.

आणि हे तुमच्या वजनावर किंवा आईच्या हातच्या जेवणावर बोट ठेवणं नाही. जबड्याची ठेवण तशी असेल तर सडपातळ माणसांनाही हे होतं. हा कुणाचा दोष नाही.

तपासणी म्हणजे एक रात्र तिथे झोपायचं. सुई नाही, बेशुद्ध करणं नाही. स्वतंत्र खोली आहे, आत बाथरूम आहे, आणि सोबत एकाला राहता येतं. मी आधी जाऊन बघून आलेय, गादी फार मऊ नाही, तुम्हाला चालेल अशी आहे. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीवर आणि पायांना वायरी चिकटवतात, छाती-पोटाला पट्टे, बोटाला तो ऑक्सिजनचा चिमटा, नाकाशी बारीक नळी. बघायला फार वाटतं, दुखत काही नाही. रात्री उठायचं झालं तर तिथला माणूस वायरी सोडवून देतो, संकोच करायचा नाही. खोलीत कॅमेरा असतो हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिथे गेल्यावर रागवाल. तुमची उशी आणि आजीच्या हातची गोधडी घेऊन या. रात्रीचं जेवण मी घरून आणीन, भाकरी, मुगाची उसळ आणि ताक.

पुढे कदाचित मशिन लागेल. सौम्य असेल तर कुशीवर झोपणं, थोडं वजन उतरवणं एवढ्यावरही भागतं, म्हणून आत्ताच मनाची तयारी मोडू नका. लागलंच तरी ते कोविडच्या वॉर्डातलं मशिन नव्हे, आई. तो ऑक्सिजनही नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबानं नाकावाटे आत जाते आणि त्या दाबानं घसा उघडा राहतो. त्याला सीपॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं. त्याआधी तीव्र आजाराला गळ्याला भोक पाडण्यावाचून फारसा इलाज नव्हता. बाबा, कुठल्याही औषधाशिवाय, नुसत्या हवेच्या दाबावर! तुम्ही वर्गात हे रंगवून सांगितलं असतं. मशिन उशाशी मावेल एवढं असतं, आवाजही फार नसतो. सुरुवातीचे काही आठवडे नको-नको होतं, मग सवय होते असं सगळेच सांगतात. लाइट जाण्याची चिंता नको, इन्व्हर्टरची बॅटरी दादा बदलून देणार आहे. गाणगापूरलाही ते पिशवीत घालून नेता येईल.

आता गाडी. रिपोर्ट येईपर्यंत बाबांनी गाडी चालवायची नाही. दुसरा निर्णय हा. सुरूर फाट्याच्या अलीकडे गाडी पांढऱ्या पट्ट्यावर सरकली आणि आईनं दंड धरला, हे तिनं मला सांगितलंय, तिच्यावर रागावू नका. तुमच्या चालवण्याबद्दल शंका नाही. मी गाडी शिकले ती तुमच्याकडूनच, खंबाटकीच्या घाटात. पण मिटणाऱ्या डोळ्यांपुढे तीस वर्षांचा सरावही चालत नाही. मंडई चालत अंतरावर आहे, आणि साताऱ्याला जायचं तर ड्रायव्हर बोलवा, त्याचे पैसे मी पाठवीन.

आई, तुझं वाचताना उठून चहा टाकायला जाऊ नकोस. तुझी झोप हाही आजारच आहे. "वय झालं, झोप कमी व्हायचीच" हे अर्धंच खरं. वयानं झोप हलकी होते, पहाटे जाग येते, पण पासष्टीनंतरही सात-आठ तास झोपेची गरज असतेच. तू तर रात्री दोनला ओटीवर फेऱ्या घालतेस. पोटऱ्यांना फडकं बांधून झोपतेस. संध्याकाळी मालिका बघायला बसलीस की पायात वळवळ सुरू होते, चाललं की बरं वाटतं, पडलं की पुन्हा सुरू. मी पहिलीत होते तेव्हापासून भिंतीला धरून तुझे पाय तुडवायची, आठवतं? तू म्हणायचीस, माझी चिमणी किती हलकी. तेव्हापासून हे तसंच आहे आणि कुणी विचारलंच नाही. याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात आणि पुष्कळदा मुळाशी लोहाची कमतरता असते. म्हणून शनिवारी सकाळी तुझं रक्त तपासायचंय. हिमोग्लोबिन बरं आहे म्हणून सुटायचं नाही, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघायचं. ते ७५ च्या खाली असेल तर छापील रिपोर्ट नॉर्मल म्हणाला तरी या त्रासात लोह देण्याचा विचार करतात. मनानं गोळ्या सुरू करू नकोस. जेवणाला लागून चहा घेणं मात्र आजपासून बंद कर, चहानं लोह नीट शोषलं जात नाही.

ती झोपेची अर्धी गोळी मला सापडली आहे. ओरडत नाही. पण ती एकदम बंदही करायची नाही, डॉक्टर हळूहळू उतरवतील. तोवर रात्री उठताना दिवा लावायचा, अंधारात मोरीकडे जायचं नाही, त्या गोळीनं तोल जातो. आणि काहीही झालं तरी ती बाबांना द्यायची नाही. त्यांचा घसा आणखी सैल पडेल आणि मेंदू जागं करायला उशीर लावेल.

शुक्रवारी डोक्याला तेल नको, बाबा, आदल्या दिवशीही नको, वायरी चिकटत नाहीत. दाढी करून या, मिशी राहू दे. दुपारनंतर चहा नाही आणि जेवून आडवं व्हायचं नाही. आई, लक्ष ठेव. पुढे बटणं असलेला सदरा आणा. ब्लडप्रेशरच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्या, सगळ्या पट्ट्या बरोबर ठेवा, आईच्या त्या गोळीचीसुद्धा. पराग दहाला दारात असेल.

सोबत एक कागद जोडलाय. पेपर वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत शेजारी बसल्यावर, असे आठ प्रसंग आहेत, आणि डुलकी लागण्याची शक्यता किती याला ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज १० च्या वर गेली तर डॉक्टरांना दखल घ्यावी लागते. बाबांबद्दल बाबांनी भरायचा आणि आईनंही, एकमेकांचं न बघता. दोन्ही कागद परागच्या हाती द्या, मी आईचा आधी वाचणार आहे.

तुमची
चिमणी