मेपलची पाने करपतात तेव्हा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. जपानी मेपलच्या पानांच्या कडा करपलेल्या पाहून तू खताची पिशवी आणलीस आणि छाटणीची कात्रीही काढून ठेवलीस, हे वाचताच मी उत्तर लिहायला बसलो. कृपा करून दोन्ही तूर्त बाजूला ठेव.

कडेपासून आत करपत जाणे हा बहुधा रोग नसतो. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने तळहातासारख्या पानावरून या झाडाला ‘पाल्माटम’ असे नाव दिले, आणि झळ लागते ती त्या हाताच्या बोटांच्या टोकांनाच. पाने पातळ, मुळे उथळ आणि तंतुमय. कोरडा वारा व दुपारचे ऊन जेवढे पाणी ओढून घेतात, तेवढे मुळांना वर पोचवता आले नाही की पाण्याच्या वाटेवर सर्वांत शेवटी असलेली ही टोके आधी सुकतात. अशा तहानलेल्या झाडाला खत घातले, तर त्यातल्या क्षारांमुळे मुळांना पाणी शोषणे आणखी अवघड होते. त्यापेक्षा मातीत बोट खुपसून पाहा, आणि ती कोरडी लागली तरच सावकाश, खोलवर मुरेल असे पाणी दे. खोडाभोवती पालापाचोळ्याचा ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचा थर पसर. मात्र तो खोडाला टेकू देऊ नकोस. करपलेली पाने सुधारणार नाहीत. ती तशीच राहू दे.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुझ्या झाडाचे खोड जमिनीतून खांबासारखे सरळ वर आलेले दिसते. वास्तविक मुळे फुटतात तेथे बुंधा पसरट होत गेलेला मातीच्या वर दिसायला हवा. माझे पहिले मेपल मी वाऱ्याने हलू नये म्हणून चांगले वीतभर खोल लावले होते. दोन वर्षे ते कसेबसे तगले आणि तिसऱ्या वर्षी गेले. उपटले तेव्हा पुरलेल्या भागाची साल नुसत्या बोटाने सुटत होती.

छाटणी पाने गळून झाड सुप्तावस्थेत गेल्यावर कर; हिवाळा सरू लागला की रस चढतो आणि कापलेल्या जागेतून तो कित्येक दिवस ठिबकत राहतो. फांदी खोडाला मिळते तेथली फुगीर कड शाबूत ठेवून काप, आणि जखमेला रंग वगैरे काही लावू नकोस. दोन बाबतींत मात्र थांबायचे नाही. कलमाच्या सांध्याखालून साधी हिरवी पाने घेऊन निघालेला फुटवा दिसताच काढून टाक, कारण तो खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधले त्याचा असतो आणि वरच्या कलमाला दडपून टाकतो. आणि बाकी झाड ताजेतवाने असताना एखादीच फांदी अचानक मान टाकू लागली, तर तिची साल सोलून पाहा. आतल्या लाकडात काळपट रेघा दिसल्या, तर तो मातीतून येणारा व्हर्टिसिलियम बुरशीचा मररोग असू शकतो. त्यावर फवारणीचा उपयोग नाही. फांदी कापून टाक आणि कात्री निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नकोस.

या रविवारी बुंध्याजवळची माती खुरप्याने नव्हे, हातानेच हळूहळू दूर कर, आणि पहिले जाड मूळ किती खोलीवर लागते ते मोजून मला कळव. पुढे काय करायचे ते त्यावरून ठरवू.

तुझा स्नेहांकित मित्र