अक्का, तुझ्या वहीसाठी

प्रिय अक्का,

हे पत्र उघड लिहितेय. कामाठीपुऱ्यातल्या आपल्या बायका कुणाकडून तरी वाचून घेतील, आणि तू काय केलंस ते त्यांनाही कळू दे.

गारमेंटच्या कारखान्यात काम लावतो म्हणून गावातल्याच माणसाने मला मुंबईला आणलं आणि कोठ्याच्या मालकिणीला, घरवालीला, विकलं. त्यानंतर प्रत्येकीने मला तगून राहायची आपापली रीत सांगितली. खरं नाव कुणाला सांगू नकोस, असं एकीने बजावलं. दुसरी धंद्याची साडी वेगळी ठेवायची, अंघोळ केल्याशिवाय लेकराला जवळ घ्यायची नाही. कुणी गिऱ्हाइकाआधी दारू प्यायची, कुणी मंगळवारी यल्लम्माचा उपास धरायची, कुणी ब्लेडने स्वतःच्याच हातावर चिरे ओढायची. मीही ओढले. बाहेरचे लोक अशा बायकांना निगरगट्ट म्हणतात, तेव्हा माझा संताप होतो. रोजची रात्र शुद्धीत काढून दाखवा म्हणावं.

तू मला हिशेब शिकवलास.

लेकीच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं शिवून तू एक वही केली होतीस. लेक रात्री केंद्रात झोपायची आणि दिवसा तुला अक्षरं गिरवायला लावायची. (कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' संस्थेने 1988 साली मुलांसाठी रात्रीचं केंद्र सुरू केलं. आई धंद्यावर असताना पोरांना निजायला जागा मिळाली, हे आपल्या बायकांना केवढं मोठं होतं ते आपल्यालाच ठाऊक.) घरवाली म्हणायची, तुझ्यावर पैसे घातलेत, फिटले की जा. पण खाटेचं भाडं, जेवण, साड्या, पावडर, औषध, वर व्याज, सगळं माझ्याच नावावर चढायचं. तू पहाटे विचारायचीस, "आज किती?" आणि गिऱ्हाइकामागे एक रेघ मारायचीस. मला रडायला येत असलं तरी आधी रेघ, मग चहा.

एका पहाटे तू पान माझ्यापुढे धरलंस. "तुझे पैसे कधीच फिटलेत गं. आता तूच तिला पोसतेयस." त्या दिवसानंतर मी ब्लेडला हात लावला नाही. मला वाटत होतं मी कुणाचं तरी देणं लागते, म्हणून सोसायचं. ते ओझं तू उतरवलंस. पुढे संस्थेच्या ताईंसमोर बोलायला तोंड उघडलं, तेही त्या वहीच्या बळावर.

नंतर वकीलबाईंनी सांगितलं की 1956 च्या पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात बाईला कोठ्यात डांबून ठेवणं हा गुन्हा आहे. धंद्याला लावण्यासाठी तिचे पैसे, दागिने, कपडे अडकवले, किंवा दिलेले कपडे घेऊन गेलीस तर केस करीन अशी धमकी दिली, तर तेही डांबणंच धरतात. हे ऐकताना मला तुझ्या वहीतलं 'साड्या' हे खातं आठवलं. आपल्यातल्या किती जणी त्या साड्यांपायी दाराशीच थांबल्या!

अक्का, आता एक काम. तुझं आधार कार्ड पत्त्याच्या पुराव्यावाचून अडलंय ना? सुप्रीम कोर्टाने मे 2022 मध्ये सांगितलंय की आपल्या बायकांकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याचा दाखला चालतो. तो कसा काढायचा ते मी विचारून ठेवलंय. सोमवारी सकाळी तयार राहा, मी न्यायला येते. वही घेऊन ये.

तुझीच,
धाकटी