जर्मन शिकवताना पाट्यांचंही सांगा

मा. संपादक,
स. न.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून या अवघड नावाच्या राज्याचा उल्लेख मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतो. मी याच राज्यात, श्टुटगार्टपासून लोकलने पाऊण तासावरच्या एका गावात परिचारिका आहे. कराराच्या आधीच, स्वतःच्या हिमतीवर (आणि कर्जावर) आले. बातम्यांत पगार असतो, व्हिसा असतो, भाषेची परीक्षा असते. ते सगळं लागतंच. पण माझे पहिले सहा महिने ज्या गोष्टींशी झगडण्यात गेले, त्यांतली एकही त्यात नसते, म्हणून हे पत्र.

पहिली पाटी लेटरबॉक्सवरची. इथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि गाव, बस्स. पोस्टमन बॉक्सवरचं आडनाव वाचतो आणि पत्र टाकतो; आडनाव दिसलं नाही तर पत्र परत. घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. घरमालकाचा लेखी दाखला घेऊन ते काम मी चौथ्याच दिवशी केलं आणि स्वतःवर खूश होते. पण बॉक्सवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. मला वाटलं, ते बदलायचं काम मालकाचं.

नोंदणीनंतर अकरा आकडी कर क्रमांक येतो आणि तो पोस्टाने येतो. माझा आला आणि परत गेला. बँकेचं कार्ड परत गेलं, विम्याचं कार्डही. कर क्रमांक नाही म्हणून पहिल्या पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला गेला. पुढे तो परत मिळाला, पण त्या महिन्याचं भाडं काही थांबणार नव्हतं. ज्या एजन्सीने मला आणलं, तिने विमानतळावर चांगली जाडजूड फाइल हातात दिली होती. त्यात बघण्यासारख्या किल्ल्यांची यादी होती. शेवटी वॉर्डातल्या एका सहकारिणीने सहज विचारलं, "बॉक्सवर नाव लावलंयस ना?" त्या संध्याकाळी ड्रेसिंगची चिकटपट्टी (माझ्याच डब्यातली, हे नमूद करते) लावून त्यावर बॉलपेनने आडनाव लिहिलं. आठवड्याभरात पाच पाकिटं आली.

दुसरी पाटी घराच्या दाराला लटकली. एके रविवारी संध्याकाळी ड्यूटीवरून आले तर मुठीला दोरीने बांधलेली छोटी लाकडी पाटी, कडेला फुलं रंगवलेली. शेजाऱ्यांनी स्वागताची भेट ठेवली असं समजून मी हरखले आणि ती आत नेऊन खिडकीत मांडली. पुढच्या शनिवारी तळमजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली. त्यांना माझ्या खांद्यावरून ती पाटी खिडकीत दिसली. त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही.

तिला केरवोख म्हणतात, झाडण्याचा आठवडा. या भागाची ही जुनी रीत. नावातच केर आहे, हे मला फार उशिरा सुचलं. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, कठड्यावरून फडकं फिरवायचं, समोरचा फुटपाथ स्वच्छ करायचा आणि मग पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. भाडेकरारात तसं लिहिलेलं असेल तर बर्फ काढायचं कामही भाडेकरूकडेच. आमच्याकडे सकाळी सातच्या आत वाट मोकळी लागते आणि माझी पहिली पाळी सहाला सुरू होते. तेव्हा बर्फ पडलेल्या दिवशी पावणेपाचला अंधारात फावडं घेऊन कोण उभं असतं, हे वेगळं सांगायला नको. आजी मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलायला लागल्या. अजूनही आडनावाने आणि 'आपण' म्हणूनच, पण बोलतात.

कामाबद्दल एकच सांगते. आपली पदवी इथे मान्य होईपर्यंत मदतनीस म्हणून काम करावं लागतं. मान्य झाल्यावरही रुग्णाचं अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं हे परिचारिकेच्या कामातच मोडतं, त्यासाठी वेगळं कोणी येत नाही. त्यात कमीपणा वाटून घ्यायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला काही महिने वाटला, खोटं कशाला बोलू.

भाषेचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण शासनाचा सगळा भर तिच्यावरच आहे. वर्गात 'फूस' म्हणजे पाऊल आणि 'बाइन' म्हणजे पाय असं आम्ही घोकलं होतं. एका आजोबांनी 'फूस' दुखतोय म्हणून सांगितलं. मी मोजा काढला, बोटं पाहिली, टाच दाबली, काही नाही. ते वैतागले. दुखत होती मांडी. इथल्या श्वेबिश बोलीत फूस म्हणजे कमरेखालचा सगळा पाय. आपण तरी 'पाय दुखतोय' म्हणताना पाऊल की मांडी ते कुठे सांगतो? तसंच 'हेबन'. पुस्तकात त्याचा अर्थ उचलणे, इथे धरणे. एका बाईंनी कप जरा धर म्हटलं आणि मी तो उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. अर्धी कॉफी होती त्यात.

घड्याळाचंही तेच. 'हाल्ब द्राय', शब्दशः अर्धा तीन, म्हणजे अडीच, हे वर्गात शिकवतात. पण मुख्य परिचारिकेने 'द्रायफिअर्टल द्राय'ला (शब्दशः पाऊण तीन) बैठक आहे म्हटल्यावर मी गडबडले, सव्वातीन समजले आणि बैठक संपल्यावर पोचले. ती होती पावणेतीनला. त्या रात्री लक्षात आलं की आपलं अडीचही मुळात 'अर्धा तिसरा'च आहे. मराठी माणसाला हे एका मिनिटात समजावता येईल, फक्त शिकवणाऱ्याने त्याला मराठीतून हात घालायला हवा.

बाकी किरकोळ. टीव्ही नसला तरी घरटी महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क भरावं लागतं. त्याची पत्रं मी फसवणूक समजून टाकून दिली आणि वर दंड भरला. काचेच्या बाटल्या रविवारी डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो.

माझी सूचना खर्चाची नाही. शासनाच्या भाषावर्गांत दर महिन्याला एक तास इथे आधीच काम करणाऱ्या परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक यांच्यासाठी ठेवा. आम्ही व्हिडिओवर मराठीतून बोलू, मानधन नको. फक्त वेळ ठरवताना आमच्या पाळ्या बघा आणि हिवाळ्यात आमचं घड्याळ साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन, हे ध्यानात ठेवा. जर्मनीतल्या इतर राज्यांत राहणाऱ्या मराठी वाचकांनीही आपापल्या बोलीतले असे शब्द या स्तंभात लिहून पाठवावेत. उत्तरेकडे वेगळेच घोटाळे असतील.

आणखीही लिहिलं असतं, पण आज शनिवार आहे, पाटी माझ्या दाराला आहे आणि जिना अजून झाडायचा आहे.

आपली,
एक परिचारिका,
बाडेन-व्युर्टेम्बर्ग, जर्मनी