माझ्या वयाची गिटार आणि मिरजेचे चाचा : एक आभारपत्र

आदरणीय चाचांस,

सविनय नमस्कार.

हे पत्र केवळ आपल्या पत्त्यावर टाकून मला थांबता आले असते. परंतु माझ्या गिटारीला ज्यांनी मोडीत काढले, त्यांनी ते चारचौघांत, दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांदेखत काढले होते. म्हणून तिला ज्यांनी पुन्हा उभे केले त्यांचे आभारही चारचौघांतच मानले गेले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. त्या दुकानांच्या पाट्या मोठ्या आहेत आणि जाहिरातीही. आपण मिरजेचे सतार-तंबोरे घडवणारे; आपल्या दारावर फक्त आडनाव आहे, आणि तिथल्या सतारमेकर गल्लीत तेच आडनाव कितीतरी दारांवर आहे.

ही गिटार माझ्याच वयाची आहे असे आमच्या घरात नेहमी सांगितले जाई, पण त्याला आधार होता तो केवळ मामांच्या शब्दाचा. मामा मुरगाव बंदरातून लोहखनिज भरून जपानला जाणाऱ्या बोटींवर कामाला होते; गोव्यातील खनिज त्या काळी मोठ्या प्रमाणावर जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जात असे. अशाच एका फेरीत त्यांनी यामाहाची एफजी-180 ही पोलादी तारांची गिटार विकत घेतली, आणि ती खांद्याला लावून ते लोंढ्यामार्गे खानापूरला घरी आले तेव्हा मी पाळण्यात होते, असे आई सांगत असे. पुढे हीच गिटार खानापूर-बेळगावच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राबरोबर वाजली, नाताळात कॅम्पातील त्यांच्या मित्रांच्या घरी वाजली, आणि मामांची बोटे थकल्यावर माझ्या हाती आली. आपण ज्या वाद्यावर पहिला सूर धरला ते आपल्याबरोबरच जन्मले आहे, ही कल्पना लहानपणी मला गमतीची वाटे. मामा गेल्यानंतर ती गमतीची राहिली नाही. ज्यांनी मला पाळण्यात पाहिले त्यांपैकी आता फारसे कोणी उरलेले नाही, आणि ही गिटार उरली आहे.

गेल्या काही वर्षांत तिच्या तारा दांडीपासून इतक्या वर गेल्या होत्या की वरच्या पडद्यांवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, बोट दाबणे अशक्य झाले होते. बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत साधारण दोन-अडीच मिलिमीटर अंतर असावे. माझ्या गिटारीवर ते दुपटीहून अधिक झाले होते. सहा पोलादी तारांचा ताण मिळून 70 किलोंच्या वर जातो. तो अर्धे शतक सोसल्यावर दांडी जिथे खोक्याला मिळते तो सांधा पुढे झुकतो. यात वाद्याचा दोष नाही आणि वाजवणाऱ्याचाही नाही. सांधा उघडून कोन नीट केला की तीच गिटार पुन्हा वाजते. हे आज मी इतक्या सहज लिहिते आहे ते आपण समजावून सांगितले म्हणून.

आपल्याकडे येण्यापूर्वी मला काय काय ऐकावे लागले, हे लिहिल्याशिवाय हे आभार पुरे होणार नाहीत. एका मोठ्या शहरातील प्रशस्त दुकानात पेटी पुरती उघडण्याआधीच सांगण्यात आले की ही लाकडाची नव्हे, प्लायवूडची गिटार आहे, हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, आणि लगेच भिंतीवरच्या नव्या गिटारींच्या किमती वाचून दाखवण्यात आल्या. तिचे खोके प्लायवूडचे आहे हे खरेच आहे. पण अर्धे शतक गाणाऱ्या वाद्याला तेवढ्या एका शब्दात निकालात काढणाऱ्याने तिची एक तारही छेडून पाहिली नव्हती. दुसऱ्या एका ठिकाणी ती अख्खा पावसाळा पडून राहिली आणि परत आली ती घोडीवरची, म्हणजे खोक्यावर तारा जिथे टेकतात तिथली, हाडाची पट्टी नको तितकी घासून, आणि सांध्याच्या बुडाशी कुणालाही न विचारता एक स्क्रू ठोकून. आणखी एका गृहस्थांनी आत डोकावून खोक्यात चिकटवलेले कंपनीचे लाल लेबल पाहिले मात्र, पण त्यानंतर त्यांचा प्रश्न एवढाच होता की विकायची आहे का. या सर्वांनी माझ्याशी गोड बोलून व्यवहार केला. त्यांच्यापैकी एकानेही मला विचारले नाही की ही गिटार वाजवते कोण.

आमच्या भागातील माणसे मिरजेला येतात ती बहुधा दवाखान्यासाठी. वानलेस डॉक्टरांच्या मिशन इस्पितळामुळे आमच्या आजोबांच्या पिढीपासून ‘मिरजेला नेलंय’ या शब्दांचा अर्थच आजार बळावला असा होत आला आहे. मीही पेटी मांडीवर घेऊन बेळगावहून गाडीत बसले तेव्हा मनात काहीशी तीच धाकधूक होती. सुळेभावी गेले, कुमार गंधर्वांचे ते जन्मगाव. घटप्रभा, रायबाग मागे पडले, कुडचीपाशी कृष्णा ओलांडली, आणि राज्य बदलले तरी भोवतालची बोली काही बदलली नाही. आपण सतार आणि तंबोरे घडवणारे. सतारीचा भोपळा, त्यावर बसणारी लाकडी तबली, तारांखालची घोडी, सूर झंकारता करणारी तिची जवारी हे आपले जग. परदेशी कारखान्यातून आलेली गिटार आपण हातात तरी घ्याल का, ही शंका मला शेवटपर्यंत होती.

आपण ती हातात घेतली, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्या तारा सैल केल्या. ‘आधी हिला मोकळं होऊ द्या, मग बोलू,’ असे म्हणून आपण चहा मागवला. त्यानंतर आपण मला जे विचारले ते मी विसरणार नाही: बसून वाजवता की उभ्याने, तारा कोणत्या जाडीच्या लावता, पावसाळ्यात गिटार कोणत्या खोलीत असते, आणि तुमच्या आधी ही कुणाच्या हातात होती. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला प्रश्नांची सवय असते, कोणत्या बाजूचे, कोणत्या भाषेत शिकलात, कागद कुठले. आपल्या प्रश्नांत त्यातले काहीही नव्हते. मामांविषयी मी सांगू लागले तेव्हा आपण हातातले काम बाजूला ठेवून ऐकलेत.

मग आपण आत टॉर्च आणि छोटा आरसा घातलात. लेबलावर सालाचा उल्लेख नाही, त्यामुळे आजवर सगळे लेबलापाशीच थांबले होते. दांडीचा सांधा ज्या ठोकळ्यात बसतो त्या ठोकळ्यावर, आतल्या अंगाला, फिकट शाईचा एक शिक्का होता आणि त्यात सुरुवातीला 45 हा आकडा. आपण तो आरशात मला दाखवलात आणि आम्ही दोघेही जरा वेळ गोंधळलो. आपल्या नातवाने मोबाइलवर शोधून उलगडा केला: आपण जसे शके लिहितो तसे जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष लिहितात, आणि 1926 साली सुरू झालेल्या शोवा कालगणनेचे 45 वे वर्ष म्हणजे 1970. त्यापुढचा 8 म्हणजे ऑगस्ट महिना. माझ्या जन्मपत्रिकेवर शके 1892 आहे, जन्मदाखल्यावर 1970 आणि त्याखाली बेळगाव, म्हैसूर राज्य. कारण तेव्हा या राज्याला कर्नाटक हे नाव मिळालेले नव्हते. गिटारीवरही कंपनीचे जुने नाव, निप्पॉन गाक्की, आहे. यामाहा कॉर्पोरेशन हे नाव तिने 1987 मध्ये घेतले. मामांचा शब्द खरा होता, एवढेच नव्हे तर ही गिटार माझ्याहून थोडीशी थोरलीच निघाली. त्या क्षणी मला बोलता आले नाही, आणि आपणही काही बोलला नाहीत, याबद्दलही मी आपली ऋणी आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहिले, ती सांगते. सांधा उघडण्यासाठी त्यात वाफ सोडावी लागते, हे आपण मला समजावून सांगितले होतेत. दुसऱ्या दिवशी सर्व तयारी झाली, शेगडीवर पाणी उकळू लागले, आणि आपण एकाएकी थांबलात. एक जाडसर कागद कापून घेतलात, त्याला दोन्ही बाजूंनी मेण चोळलेत, आणि नातवाला हाक मारलीत, कारण त्याचा हात बारीक आहे. त्याने खोक्याच्या भोकातून हात घालून, आपण आरशात पाहून सांगाल तसतसा, तो मेणकागद त्या शिक्क्यावर बसवला आणि कडा बोटाने दाबून बंद केल्या. मी विचारले की हे कशासाठी. आपण म्हणालात, ‘वाफ आत उतरते, ताई. शाई जुनी आहे. तारीख पुसली तर मी काम कितीही चांगलं केलं तरी ते वाईटच.’ आणि वाफ सोडण्यापूर्वी शिक्क्यातले सर्व आकडे एका चिठ्ठीवर उतरवून माझ्या हातात दिलेत, न जाणो, म्हणून.

या कामाला काही मिनिटेच लागली असतील. हिशेबात आपण त्याचा उल्लेख केला नाही. मी तेथे उभी नसते तर मला ते कधी कळलेही नसते, कारण काम संपल्यावर कागद काढून टाकला गेला आणि शिक्का जसा होता तसाच राहिला. गिटारीच्या आवाजात त्याने काडीचाही फरक पडत नाही. ती जागा अशी की आरसा घातल्याशिवाय जगात कुणालाही दिसणार नाही. तरीही ती तारीख पुसली जाणे आपल्याला परवडणारे नव्हते. चाचा, ज्यांनी माझ्या गिटारीत दिसेल असा स्क्रू ठोकला आणि ज्यांनी न दिसणारी शाई वाचवली, ते एकाच व्यवसायातले म्हणवले जातात, याचे मला तेव्हापासून आश्चर्य वाटत आले आहे.

आपण सांधा पुन्हा बसवलात तो सरसानेच, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या गोंदाने. बाजारात याहून घट्ट आणि झटपट बसणारे गोंद मिळतात हे आपल्याला ठाऊक आहे. पण ऊब आणि ओल मिळाली की सरस सुटतो, आणि ‘पुढच्या कारागिराला उघडता आलं पाहिजे’ हे आपले कारण होते. तो पुढचा कारागीर कदाचित अजून जन्मलाही नसेल. त्याच्या सोयीचा विचार करणारा माणूस मला भेटला, ही साधी गोष्ट नव्हे. आपल्या गल्लीची परंपरा दीडशेहून अधिक वर्षांची आहे. शस्त्रे घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील हात वाद्यांकडे वळले आणि त्यातून मिरजेची सतार आणि तंबोरा घडला. तिकडे हामामात्सु गावात तोराकुसु यामाहा यांनी 1887 मध्ये शाळेतला एक बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, आणि पुढे उभ्या राहिलेल्या कंपनीची सुरुवात तेथून मानली जाते. माझ्या गिटारीचे मूळच असे एका दुरुस्तीत आहे, तेव्हा ती आपल्या हाती परक्यासारखी वागली नाही यात नवल नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्हां बेळगावकरांनाही आनंद झाला होता. पण त्या मानांकनाच्या आड काय प्रतीची माणसे बसलेली आहेत, हे मला आता कळले.

सचोटी हा शब्द आपण बहुधा पैशाच्या व्यवहारापुरता वापरतो. ठरल्याहून जास्त घेतले नाहीत की माणूस सचोटीचा. आपल्याकडे मला त्याहून मोठी सचोटी दिसली: जे वाद्य आपले नाही, आपल्या घराण्याचे नाही, आपल्या देशाचे नाही, त्याच्याशीसुद्धा ते ज्याचे आहे त्याच्या नजरेने वागणे. अशी माणसे आमच्या भागातही आहेत. खानापूरला मामांच्या गिटारीची पेटी शिवून देणारे एक चांभारकाका होते. पेटीच्या आत, जिथे कुणाचे लक्ष जाणार नाही तिथेही, त्यांचे टाके बाहेरच्याइतकेच सरळ आहेत. आपली गाठ पडल्यानंतर मी ते टाके पहिल्यांदा नीट पाहिले.

पावसाळा संपला की गिटार कशी आहे ते कळवा, असे आपण निघताना बजावले होतेत, म्हणून कळवते. यंदा बेळगावात पावसाने दम घेऊ दिला नाही, तरी सांधा हललेला नाही. बाराव्या पडद्यापाशी तारा आपण ठेवल्या होत्या तितक्याच उंचीवर आहेत. आपण सांगितल्याप्रमाणे तारा अर्धा सूर खाली लावते आणि चार दिवस वाजवणार नसले तर सैल करून ठेवते. तिसऱ्या तारेचा सूर मात्र वरच्या पडद्यांवर किंचित चढा येतो. तो पूर्वीच्या घासलेल्या पट्टीचा दोष असावा असे मला वाटते, आणि आपण नवी पट्टी करून देण्याचे म्हणाला होता, त्यासाठी दिवाळीनंतर येईन. नातवासाठी कुंदा आणते. त्याला गोड चालते ना, तेवढे फोनवर सांगावे.

आपली कृतज्ञ,
शहापूर, बेळगाव येथील आपली गिटारवादक भाची