तुळशीखालचं जातं

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, तुळशीचा कट्टा खचलाय, नवीन बांधून घेतो, खालचे दगड गवंडीच घेऊन जाईल. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि रात्री बाराला उठून बसले. बाबा, त्या दगडांत आजीच्या जात्याची खालची तळी आहे. वरची कुठं ठेवलीय ते आईला ठाऊक असेल. गवंड्याला काही देऊ नका. एवढ्यासाठी फोन पुरला असता, पण मला आणखी एक सांगायचंय आणि ते तोंडानं सांगण्याची हिंमत तीस वर्षांत झाली नाही.

आपल्या घरात गाणं म्हटलं की आबा. पाहुण्यांना तुम्ही तेच सांगायचात, "आमच्या वडलांचा गळा गोड." होताच. गिरणगावातल्या गाळ्यात वीस-पंचवीस जणांत पथारी आणि शनिवारी रात्रभर भजन. १९८२ चा संप लांबला, पुन्हा काम मिळायची आशा संपली, तेव्हा ते माण तालुक्यात गावी परत आले एक ट्रंक आणि एक पेटी घेऊन. आजीनं त्या पेटीला आपल्या जुन्या लुगड्याची गवसणी शिवली. रोज पुसायची. पण तिच्या पट्ट्यांना तिनं कधी बोट लावलेलं मी पाहिलं नाही. मारुतीच्या देवळात भजन सुरू झालं की चुलीपुढून ऐकायची आणि मधेच म्हणायची, "आज लई उंच धरली. आता दम लागंल." आणि दोन कडव्यांनंतर आबांना दम लागायचाच. तिच्या कानाबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. गाणारे आबा, आजी आपली जात्यावर बसणारी.

आई, तिचं पहाटेचं दळण तू अनुभवलंस. मी जन्मले तोवर गावात डिझेलची गिरणी आली होती. मला आहे ते तुझ्याकडून ऐकलेलं. तू लग्न होऊन आलीस १९६९ ला. हळदीचे हात निघाले नव्हते तोच आजीनं, तुझ्या आत्याबाईंनी, तुला चारच्या सुमाराला उठवलं आणि जात्यासमोर बसवलं. खुंट्यावर तुझा हात, त्यावर त्यांचा. पायलीभर बाजरी. पहिले आठ दिवस तळव्याला फोड. पहिली ओळ त्या म्हणायच्या, दुसरी तू उचलायचीस. तुझी माहेरची चाल वेगळी होती, त्यावर त्यांनी आधी नाक मुरडलं आणि महिन्याभरात तीच चाल आपलीच असल्यासारखी म्हणायला लागल्या. हे सांगताना तू दर वेळी हसतेस.

काय काय असायचं त्या ओव्यांत! आधी देव, मग मायबाप, मग भाऊ, मग एकेक लेकरू नावानिशी. कुणाला गोवर आला, कोण रुसून शेतात जाऊन बसलं, कुणाच्या पायात काटा मोडला. आबांची मनिऑर्डर लांबली तर आजी ते कुणाला सांगायची नाही, जात्याला सांगायची. आणि भिंतीपलीकडच्या चुलत सासूला बरोब्बर कळायचं! ७२ च्या दुष्काळात तुम्ही दोघी खडी फोडायला जात होता, घरात सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी. त्या वर्षी दळायला दाणाच थोडा, म्हणून ओव्याही थोड्याच झाल्या, असं तू एकदा बोलता बोलता म्हणालीस. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

बाबा, एक मात्र मुद्दाम लिहिते, कारण हल्ली जात्याबद्दल फार गोड गोड लिहिलं जातं. गिरणी आली तेव्हा डोक्यावर बुट्टी घेऊन पहिल्या दिवशी रांगेत उभी राहिली ती आजीच. मी एकदा "किती छान असेल नाही ते पहाटेचं?" असं काहीतरी कॉलेजकुमारीसारखं बोलले, तर म्हणाली, "बावट्यात जीव ऱ्हायला न्हाई आमच्या, कशाचं कवतिक?" पंढरपूरला गेलो होतो आठवतं? गोपाळपुरात जनाबाईचं जातं दाखवतात. सगळ्या बायका डोकं टेकवत होत्या. छिन्नीनं टाचून खडबडीत केलाय का, ते बघायला आजीनं दगडावरून तळवा फिरवला आणि माझ्या कानात म्हणाली, "टाकी कवाच लावल्याली न्हाई ग हिला."

पण दळण सुटलं तशा ओव्याही सुटल्या. गिरणीच्या पुकपुक आवाजात, रांगेत उभं राहून कोण गाणार?

आता ती कॅसेट. १९९४ चा उन्हाळा, माझी अकरावी नुकतीच संपलेली. टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून मी म्हटलं, आजी, ओवी म्हण. तिनं पदर तोंडाला लावला. "येडी का खुळी तू!" अर्धा तास गेला, एक ओळ नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकले होते. तुला ती खरी माहीत होती. तू काही न बोलता तुरीचं सूप आणून तिच्यापुढं ठेवलंस, "आत्याबाई, डाळ भरडायची राहिलीय." आजी बसली. एक पाय लांब, एक दुमडलेला. पहिले दोन-तीन फेरे नुसतीच घरघर. मग खुंटा अंगाकडं येता येता आवाज निघाला. चिरका, खोल, दगडाच्याच पट्टीत लागलेला. देवाच्या झाल्या, माहेरच्या झाल्या, आणि मग ही आली:

वळकटी बांधियेली, दोन भाकरी शिदोरी
लेक शिकाया चालला, यष्टी थांबली वेशीवरी

बाबा, तुम्ही साताऱ्याला बोर्डिंगात निघालात त्या दिवसाची. तुम्ही दारात पेपर घेऊन उभे होता. पेपर तसाच उंबऱ्यावर टाकून तुम्ही गोठ्याकडं गेलात आणि दिवेलागणीला आलात. म्हशीला काय झालं होतं असं कुणी विचारलं नाही.

ती कॅसेट हरवली असं मी तुम्हाला सांगितलं. हरवली नव्हती. पुढच्या वर्षी हॉस्टेलवर कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मी तीच दुकानात दिली आणि तिच्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली. मला वाटलं, आजी काय, आहेच. पुन्हा बसवू. पुन्हा बसवली नाही. आजी गेली, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा, तुम्ही त्या कॅसेटसाठी माळ्यावरच्या सगळ्या ट्रंका उपसल्या. शिडी मी धरली होती. वरून धूळ पडत होती आणि तुम्ही म्हणत होता, "इथंच कुठंतरी असणार." मी तेव्हाही बोलले नाही.

कॅसेट अजून माझ्याकडं आहे. गेल्या महिन्यात इथं जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडं टेप मिळाला, त्याच्यावर लावली. शेवटचं गाणं संपल्यावर थोडी पट्टी उरली होती, त्यावर जुनं तसंच राहिलंय. पाऊण मिनिट. जात्याची घरघर, मग एका ओवीची दुसरी ओळ, मग कुणीतरी म्हणतंय, "पुरं आता आत्याबाई, झाली डाळ." मी पाच-सहा वेळा ऐकलं तेव्हा कुठं लक्षात आलं. त्यात आजी नाहीच. पहिली ओळ तिनं म्हटली असणार, ती पुसली गेली. उरलीय ती दुसरी, आणि तो आवाज तुझा आहे आई. एक ठिपूसही बेसूर नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून, बायकांना लिहितं-बोलतं करून ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. काही ध्वनिमुद्रणं आता 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. रात्री कानाला लावून मी ऐकत बसते. आपल्या गावचं कुणी नाही त्यात, पण ओळीच्या मध्यावर श्वास घ्यायची जागा तीच, खुंटा अंगाकडं येतो तिथं. दर वेळी वाटतं, एवढ्या लाखात आपल्या घरची एकही नाही, आणि ज्यांना येतात त्या मात्र स्वयंपाकघरात बसून मालिका बघतायत. रागावू नकोस. पण तू मला कधी म्हणून दाखवली नाहीस, आणि खरं तर मीही तुला कधी विचारलं नाही. टेपसमोर मी आजीला बसवलं. तुला तुरीचं सूप आणायला ठेवलं.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येते. बाबा, तोवर दोन्ही तळ्या बाहेर काढून धुऊन ठेवा. टाकी लावणाऱ्या बाया आता दारावर येत नाहीत, पण म्हसवडच्या बाजारात पाटे-वरवंटे घेऊन बसतात त्यांना विचारा. खुंटा नवा लागेल, बाभळीचा बघा. आई, शेरभर तूर भिजवून वाळवून ठेव. "मला काय येतंय" हे वाक्य या खेपेला चालणार नाही. गुडघ्याचं मला माहीत आहे, तू पाटावर बस, नुसती जात्यात मुठीनं तुरीची वैरण घाल. ओढायचं मी.

आणि बाबा, तुम्ही गोठ्याकडं जायचं नाही.

तुमची,
थोरली